गाडी पळती का माणूस पळवतो?

या वेळी रेसिंगवरचे तीन प्रश्न एकत्र घेतलेत, तिन्हींचा रोख साधारण एकच आहे.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला आहे. रविवारी आम्ही चौघं दोस्त मिळून एफ वन (फॉर्म्युला वन) रेस बघतो आणि दर वेळी वाद होतोच. मी म्हणतो पब्लिकला ड्रायव्हर आवडतो, गाडीचं कुणाला काय पडलंय. आमच्यातला एक सीएनसी मशीनवर असतो, तो म्हणतो मागं शेकड्यांनी इंजिनिअर राबतात तेव्हा हा गडी पहिला येतो, याला उचलून शेवटच्या टीमच्या गाडीत बसव, पंधरावा येतोय बघ. आणि काका तर म्हणतात, "गाडी पळती, ह्यो नुसता बसलेला असतोय." खऱ्या फॅनला नक्की काय महत्त्वाचं वाटतं, एकदा सांगून टाका. — एक वाचक, शिरोली

उत्तर : काकांचं आधी बघू. जोरात ब्रेक दाबला की ड्रायव्हरच्या अंगावर त्याच्याच वजनाच्या चौपट-पाचपट जोर येतो, हेल्मेटसकट डोकं मानेवर तोलून धरायचं, ते पण दीड-दोन तास, आणि सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी तर दोन-तीन किलो वजन नुसतं घामात जातं. बसून राहायचं काम नाही ते, काकांना एवढं सांगा.

तुमच्या दोस्ताचं म्हणणं मात्र अजिबात खोटं नाही. टोयोटा २००२ ते २००९ एफ वनमध्ये होती, पैशाला तोटा नव्हता, यार्नो त्रुल्ली आणि राल्फ शूमाखरसारखे आधी रेस जिंकलेले ड्रायव्हर होते, तरी एक रेस पदरात पडली नाही. उलटं उदाहरण जेन्सन बटनचं. २००८ मध्ये होंडाच्या गाडीत अख्ख्या सीझनला त्याचे पॉइंट्स किती, तर ३. होंडा बाहेर पडली, त्याच टीमची ब्रॉन जीपी झाली, गाडीला डबल डिफ्यूजर (मागं खालच्या बाजूला, गाडी रस्त्याला दाबून धरणारा भाग) आला आणि २००९ मध्ये हाच बटन पहिल्या सातपैकी सहा रेस जिंकून शेवटी चॅम्पियन झाला. माणूस तोच, एका वर्षात काय गाडी चालवायला नव्यानं शिकला नव्हता तो.

पण मग तुमचं काय? तुमच्यासाठी २०२० चा साखीर ग्रां प्री, म्हणजे बहारीनमधली रेस, सांगतो, कारण तुमचा दोस्त म्हणतो तो प्रयोग तिथं खरोखर झाला, फक्त उलट्या बाजूनं. मर्सिडीजचा चॅम्पियन ड्रायव्हर हॅमिल्टन, त्याला कोविड झाला आणि मर्सिडीजनं विल्यम्समधून जॉर्ज रसेलला बोलावलं. विल्यम्स तेव्हा अगदी मागची टीम, रसेलचा तोपर्यंत एक पॉइंट नव्हता. पोरगा उंच, हॅमिल्टनच्या मापाच्या गाडीत पाय बसेना, एक नंबर लहान बूट घालून तो गाडी चालवत होता. क्वालिफायिंगला, म्हणजे रेसमध्ये कोण कुठं उभा राहणार हे ठरवणाऱ्या फेरीत, त्याच गाडीत मुरलेल्या मर्सिडीजच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या, बोटासच्या मागं राहिला फक्त ०.०२६ सेकंदानं, आणि रेसमध्ये पहिल्याच वळणावर त्याला मागं टाकून पुढं गेला. नंतर पिटमध्ये टीमनं त्याला बोटासचे टायर लावून घोळ घातला, मग टायर पंक्चर, आणि बिचारा नववा आला. जिंकला कोण, तर पहिल्याच लॅपला धडक बसून सगळ्यात मागं गेलेला सर्जिओ पेरेझ.

आता बघा, त्या रात्री फॅनला कशाचं वेड लागलं होतं? मर्सिडीजची गाडी भारी आहे हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. मजा होती ती ह्या पोरात नक्की किती दम आहे हे कळण्याची, आणि ते कळलं कशामुळं तर तोलायला भारी गाडी मिळाली म्हणून. त्यामुळं माझं स्पष्ट मत आहे की फॅन जीव लावतो तो माणसावरच, पण गाडीतल्या टेक्निकला तो कधीच नाकं मुरडत नाही, राग येतो तो फक्त ते टेक्निक ड्रायव्हरच्या हातातलं काम काढून घेतं तेव्हा.

१९९२ ची विल्यम्स आठवा, एफडब्ल्यू १४ बी. अॅक्टिव्ह सस्पेन्शन, म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची कॉम्प्युटर सांभाळणार, शिवाय ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी घसरू न देणारी यंत्रणा. तिचा ड्रायव्हर मॅन्सेल, त्यानं त्या सीझनला नऊ रेस जिंकल्या आणि लोक म्हणायला लागले की गाडीच चालवतेय. शेवटी १९९४ पासून हे सगळं बंद केलं. ट्रॅक्शन कंट्रोलला २००१ मध्ये परत परवानगी मिळाली, कारण कोण चोरून वापरतंय ते पकडताच येईना, आणि २००८ ला सगळ्यांना एकच ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, दिल्यावर ते कायमचं गेलं. ह्याच्या मधलं एक सांगायलाच पाहिजे. १९९३ ला इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनला पावसात ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना सुरुवातीला पाचवा होता आणि पहिली लॅप संपेपर्यंत मायकेल शूमाखर, वेंडलिंगर, हिल, प्रोस्ट सगळ्यांना ओलांडून पहिला, अजूनही बघताना अंगावर काटा येतो. लोक ही लॅप "निव्वळ स्किल" म्हणून सांगतात, पण सेनाच्या मॅक्लारेनमध्ये पण अॅक्टिव्ह सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोल होतंच, कमी पडत होतं ते इंजिन. म्हणून त्या लॅपची किंमत कमी होते का? अजिबात नाही, कारण ओल्या रस्त्यावर कुठल्या लाइननं आत घुसायचं हे कॉम्प्युटर सांगत नव्हता.

आणि वाद मिटवायचाच असेल तर एकाच टीमचे दोन ड्रायव्हर शेजारी ठेवा. २०२३ ला रेड बुलनं २२ पैकी २१ रेस मारल्या, त्यातल्या १९ व्हर्स्टापेनच्या आणि २ पेरेझच्या, पॉइंट्स ५७५ आणि २८५. गाडी एकच. गाडी एकाच्या स्टाइलला जास्त मानवते हे धरलं तरी एवढा फरक नुसत्या गाडीनं पडत नसतो.

शेवटी, तुम्ही पॅटर्न बनवता, दोस्त मशिनिंग करतो, आपल्याकडची कास्टिंग्ज गाड्यांच्या इंजिनात जातात. कोल्हापूरच्या माणसाला मशीनचं कौतुक असणारच आणि असावंच, तेव्हा दोस्ताला जास्त बोलू नका.

प्रश्न : आता ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांच्या पण रेस होतात म्हणे. हे पुढं चालेल का? — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : होतात. एप्रिल २०२४ ला अबुधाबीच्या यास मरिना सर्किटवर झाली, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीची टीम जिंकली. त्यात पुढची गाडी गिरकी खाऊन थांबली, पिवळा झेंडा लागला आणि मागच्या गाड्या पण थांबल्या, कारण पिवळ्यात ओव्हरटेक करायचा नाही हा नियम त्यांनी अगदी मनापासून पाळला! तुझ्यासारखीला हे सोनं आहे, त्यातून शिकायला प्रचंड आहे, जमलं तर अशा टीममध्ये जरूर जा. पण स्टँडमध्ये बसलेल्याला ओरडायला कुणीतरी माणूस लागतो, भीती वाटत असूनही जो ब्रेक उशिरा दाबतो असा, त्यामुळं एफ वनची जागा ह्या रेस घेतील असं मला वाटत नाही.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा आहे, गेमवर तासन्‌तास रेस खेळतो आणि आता कार्टिंगचा हट्ट धरलाय. महागडी गाडी घेणाऱ्याचीच पोरं जिंकतात का? — एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, पैसा लागतो हे खरं आहे, टायर आणि प्रवासातच बराच जातो. पण कार्टिंगमध्ये गाडीचा फरक मुद्दाम कमी ठेवतात. रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांवरच्या स्पर्धेत इंजिन सील केलेलं असतं, उघडून आत काही करता येत नाही, आणि वजन ठरलेलं, हलक्या पोराच्या कार्टला शिशाचे तुकडे लावून भरपाई करतात. आपल्याकडं मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगचे राउंड झालेत आणि आपल्याच गावचा कृष्णराज महाडिक पुढं ब्रिटिश एफ थ्रीपर्यंत (एफ वनच्या खालच्या पायरीची रेस) गेला, तेव्हा हट्ट काही जगावेगळा नाही.

कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतं, मागचा अॅक्सल सलग एकच. त्यामुळं वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं पाहिजे, नाहीतर कार्ट वळायचं नाव घेत नाही आणि स्पीड मरतो. हे स्टीअरिंग कसं आणि कधी वळवलं त्यावर आहे, गेम खेळताना ते बुडाखाली जाणवत नाही. आधी भाड्याच्या कार्टवर बसवा, पण तिथल्या टायमिंगवरून काही ठरवू नका, भाड्याची एक कार्ट पळते आणि दुसरी पळत नाही. त्यापेक्षा लागोपाठ लॅप एकसारख्या येतात का ते बघा, आणि उतरल्यावर तो कुठं चुकलो ते स्वतःहून सांगतो का ते. सांगत असेल तर कोचकडं घेऊन जा. फुल फेस हेल्मेट, ग्लोव्हज आणि मानेचा पट्टा यात मात्र काटकसर नको.