मातीच्या गिलाव्यात गोणपाट: आधी एवढंच करा

अख्ख्या भिंतीला गोणपाट लावायची घाई करू नका. गोणपाट लावायचं ते भेग रोखायला, आणि जिथे माती लाकडी चौकटीला किंवा विटेला भेटते, तिथे भेग सहज पडते. सुरुवात त्या सांध्यावरून करा.

सैल विणीचं तागाचं कापड घ्या, ज्यातून माती आरपार जाईल. घट्ट विणीच्या कापडामागे पोकळी राहते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. (माझा पहिला कोपरा असाच हातात आला होता!) कापड पातळ चिखलात बुडवा, पहिला थर ओला असतानाच दाबून बसवा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच येऊ द्या. वर दुसरा थर.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:
- कोरडं कापड लावणं. ते मातीतलं पाणी ओढून घेतं.
- वरून सिमेंट फासणं. त्यातल्या क्षारांनी तागाचा धागा कमकुवत होतो, शिवाय माती-कापड पुन्हा वापरायची सोय जाते. नुसती माती भिजवली की सुटी होते.
- प्लास्टिकची गोणी ताग समजून आणणं. एक धागा जाळून बघा: ताग कागदासारखा जळून राख होतो, प्लास्टिक वितळून गोळा होतो.

जमिनीलगतचा फूटभर भाग सोडा, तिथे ओल चढते. मिश्रणाचं प्रमाण, चुना वगैरे नंतर बोलू. आधी दोन फुटांचा तुकडा करून वाळू द्या.