साध्या म्युझिक सिस्टीमची लाज कशाला?

भावा, नेहमीच्या कंपन्यांच्या तुझ्या सिस्टीमला "मॉलमधले डबे" म्हणून कोणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नकोस. १९८२ साली सीडी बाजारात आली ती सोनी आणि फिलिप्स या घरोघरी पोचलेल्या कंपन्यांमुळेच. तुझा साधा अ‍ॅम्प (आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि दोन बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर सुरुवातीला भरपूर झाले. पैसे घालण्याआधी मांडणी बघ, खरा फरक तिथे पडतो.

- स्पीकर कपाटावर नकोत. ट्वीटर (बारीक, उंच आवाज काढणारा स्पीकरमधला छोटा भाग) कानाच्या उंचीला, मागच्या भिंतीपासून निदान एक फूट पुढे. दोन स्पीकरमध्ये सहा-सात फूट अंतर, तू बसणार तेवढ्याच लांब. कोपऱ्यात ढकलले की बास (खालचा, जाड आवाज) घुमतो आणि तबल्याचा डग्गा नुसता फुगतो.
- फरशी आणि उघड्या भिंतींची खोली खणखणते. समोर जाड सतरंजी टाक, खिडकीला पडदा लाव.
- महागडी केबल नको. कोल्हापुरात राजारामपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत पुरते. तारेचा एकही सुटा केस शेजारच्या टर्मिनलला (वायर जोडायच्या जागेला) लागू देऊ नकोस, अ‍ॅम्प जळू शकतो.

नवशिके हमखास चुकतात ते लाल-काळ्या टर्मिनलात. एका स्पीकरची वायर उलटी लागली की बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. मग दोष कंपनीला! आधी दोन्ही टोकं तपास.

डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल अ‍ॅम्पला चालेल असा करणारं यंत्र), सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर) यांचं सहा महिन्यांनी बघू. तोवर ओळखीच्या चार रेकॉर्डिंगवर कान बसव. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का, एवढंच बघ.