परत करण्याआधी इअरफोनच्या टिप्स बदलून बघ
बेस नाही म्हणून मूनड्रॉप चू हा इअरफोन परत करायला निघालायस, जरा थांब. टिप, म्हणजे कानात जाणारं मऊ टोक, नीट बसली नाही की फट राहते आणि खर्जातला आवाज तिथूनच निसटतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमक जाते, नुसती टकटक उरते. एक साइज मोठी टिप लाव, कान वर-मागे ओढून आत सरकव. डाव्या-उजव्या कानाला वेगळा साइज लागला तरी बिनधास्त वापर. फोमच्या टिप्स वरच्या सुरांचा तिखटपणा कमी करतात. माझ्या मते सुरुवातीला सिलिकॉनच बऱ्या, धुता येतात. सेव्हन हर्ट्झ झीरो या दुसऱ्या इअरफोनशी तुलना करताना मात्र गाणं तेच ठेव आणि दोन्हींचा व्हॉल्यूम कानाला सारखा लागेल असा जुळव, कारण किंचित मोठा वाजणारा इअरफोन उगाचच सरस वाटतो.