१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टही बरोबर येते, तरी रात्री पिंग ३०० का जातो? प्लॅन वाढवू की कंपनी बदलू?

आज लगेच दोन्ही करू नका. दिवसा पिंग (डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) १५-२०, रात्री आठनंतर ३००, आणि केबलवाला म्हणतो "२००चा घ्या, सगळं सुटेल", असं तुम्ही लिहिलंय. हेच वाक्य मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऐकवलं होतं, म्हणून राहवलं नाही.

आधी कामाचं. लॅपटॉपला राउटरची लॅन वायर थेट लावा. कमांडच्या एका खिडकीत राउटरच्या पत्त्याला पिंग चालू ठेवा, दुसरीत ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. वायरवर सगळं ठीक आणि वायफायवर वरखाली होत असेल तर भानगड वायफायची. मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर अख्खा मजला नांदत असतो आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झवर जा, राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढा, विषय संपला. वायरवरही ३०० येत असेल तर वायफाय बंद करा, बाहेरून येणारी नेटची वायर सोडून बाकी सगळ्या वायरी काढा, फक्त लॅपटॉप ठेवा. पिंग खाली आला की चोर घरातलाच.

माझ्याकडे खाली आला. मी मुलुंडला राहते, पहिला मजला, खाली वॉचमनची केबिन. सोसायटीने कॅमेरे बसवले तेव्हा डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) नेट हवं होतं. सोसायटीचं कनेक्शन येईपर्यंत "तात्पुरतं" म्हणून आमच्या खिडकीच्या ग्रिलमधून पिवळी लॅन वायर खाली सोडली. कनेक्शन काही आलं नाही, वायर राहिली. माझा क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे कॉल रात्रीचे. मला सगळ्यांचे आवाज स्वच्छ यायचे, माझा मात्र पलीकडे तुटायचा. असं झालं की डाउनलोडकडे बघूच नका, अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारी वाट, भरलेलं असतं.

एका रात्री पिंगची खिडकी उघडी ठेवून ती पिवळी वायर राउटरमधून उपसली. ३१०, २९५, ३३२ आणि पुढच्याच ओळीत १८. मग १७, १८, १८. परत खुपसली, काही सेकंदांत २८०. आठ वाजताच का, तेही कळलं. लोक ऑफिसातून येतात, पार्किंगवरून ग्रुपवर वाजतं आणि कमिटीतले सगळे मोबाइलवर गेटचा कॅमेरा उघडून बसतात, तोही एचडीत. एक फीड साधारण ४ एमबीपीएस. तिघांनी उघडला की १२, आणि माझ्या प्लॅनचं अपलोड १०.

बाकीचा डेटा जातो कुठे? रांगेत. राउटर किंवा मोडेम पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) फेकून देण्याऐवजी साठवत बसतो. २५६ किलोबाइटची रांग १० एमबीपीएसने रिकामी व्हायला २०० मिलिसेकंद लागतात आणि तुमचं पिंगचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. २०१०च्या सुमारास जिम गेटिस यांना तो स्वतःच्या घरच्या कनेक्शनवरच सापडला आणि २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा उतारा काढला. स्पीड टेस्टमधला पिंगचा ठळक आकडा बहुतेक वेळा लाइन रिकामी असतानाचा असतो, म्हणून तो बघून सगळं छान वाटतं. फास्ट डॉट कॉमवर जास्तीची माहिती उघडलीत की 'लोडेड' असा वेगळा आकडा दिसतो, लाइन भरलेली असतानाच्या पिंगचा, तो बघा.

तर मी स्क्रीनशॉट घेऊन सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "कॅमेऱ्याला कितीसं नेट लागतं? तुझं अनलिमिटेडच आहे ना? मोठा प्लॅन घे. आणि मिस्टर आले की पाठव, त्यांना समजावतो."

आमचे मिस्टर बँकेत आहेत. सेट-टॉप बॉक्स अडकला तरी ते मला हाक मारतात.

मी वायर काढली ती काढलीच. तासाभरात ग्रुपवर मेसेज, "पहिल्या मजल्यावरील सभासदांच्या असहकारामुळे कॅमेरे बंद आहेत." साफ खोटं. डीव्हीआरचं रेकॉर्डिंग हार्डडिस्कवर होतं, त्याला नेट लागतच नाही. नेट लागतं ते घरी पाय पसरून मोबाइलवर बघायला. पाण्याच्या पंपाचं बिल सोसायटी भरते, जिन्यातल्या दिव्यांचं सोसायटी भरते, मग नेट तेवढं माझ्या नावावर का? तुमच्याही घरातून अशी एखादी वायर गेली असेल तर तोंडी "तात्पुरतं" ऐकून घेऊ नका. लेखी पत्र द्या, पोच घ्या, एजीएमच्या विषयपत्रिकेत घालायला लावा. मी घातला. तेव्हा कुठे सोसायटीने स्वतःचं कनेक्शन घेतलं आणि इतिवृत्तात "सभासदांच्या सोयीसाठी" असं लिहिलं.

तुमच्याकडे कॅमेरे नसतील तर रात्री चार्जिंगला लावलेले मोबाइल बघा, फोटोंचा बॅकअप तेव्हाच चढतो. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग लांबू न देणारी सोय) असेल तर चालू करा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळतं त्याच्या ९० टक्क्यांवर ठेवा. स्वस्त राउटरमधलं नुसतं 'क्यूओएस'चं (कोणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारं) बटण बहुतेक शोभेचं असतं.

पिंग एकाच गेममध्ये जास्त दिसत असेल तर सर्व्हर कुठला आहे ते आधी बघा. सिंगापूर इथून सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास आहे, फायबरमधून प्रकाशालाच जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतात, त्याखाली कोणताही प्लॅन नेणार नाही. सप्टेंबर २०२५मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तसं काही झालं, तर परदेशातले सर्व्हर सगळ्यांनाच हळू होतात. ट्रेसर्टमध्ये (वाटेतले राउटर ओळीने दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मधल्याच एखाद्या ओळीत मोठा आकडा किंवा तारे दिसले आणि पुढे सगळं ठीक असेल तर सोडून द्या, तो राउटर फक्त उत्तर द्यायला आळस करतो.

आणि हो, २००च्या प्लॅनमध्ये अपलोडही वाढत असेल तर फरक पडतो, हे मान्य. अपलोड किती ते केबलवाल्याला वेगळं विचारा, स्वतःहून सांगणार नाही. घरातलं सगळं तोडून, वायरवर, फक्त रात्रीच ३०० येत असेल तर मात्र त्याचीच लाइन भरलेली आहे. मग खुशाल कंपनी बदला. त्याआधी बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे ती दुसरी कंपनी आहे त्यांच्याकडे रात्री नऊला जाऊन वायरवर पिंग लावून बघा, सेल्समनच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.