पेनड्राइव्हवरील फाइलींच्या वेळा : सुरुवातीला एवढे सांभाळा

पेनड्राइव्हवरील एकाच फाइलची वेळ दुकानातल्या आणि घरच्या संगणकावर वेगळी का दिसते, असे तुम्ही विचारले आहे. सांगलीच्या दुकानात विंडोज आणि घरी लिनक्स अशी तुमची मांडणी असल्यामुळे ती साडेपाच तासांनी वेगळी दिसते आहे. फाइल बिघडलेली नाही, निश्चिंत राहा. डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींपैकी एनटीएफएस (विंडोजची) आणि ईएक्सटी४ (लिनक्सची) जागतिक प्रमाणवेळ नोंदवतात, तर पेनड्राइव्हवरील फॅट३२ ही पद्धत स्थानिक घड्याळाची वेळ, ती कोणत्या वेळक्षेत्राची हे न लिहिता, तशीच ठेवते. म्हणून दोन्ही संगणकांवर भारतीय प्रमाणवेळ निवडलेली आहे ना, हे सर्वप्रथम पाहा.

नवशिक्यांकडून नेहमी होणाऱ्या चुका दोन :

१. बॅकअप घेताना वेळ सेकंदासेकंदाने जुळवणे. फॅट३२ बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांत लिहिते, त्यामुळे १०:१५:०७ ही वेळ तेथे मावतच नाही, आणि न बदललेल्या फाइलीही पुन्हा पुन्हा कॉपी होतात. आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेळ ताडताना एका सेकंदाची सूट द्या.

२. लिनक्समधील 'सीटाइम' (फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ) ही निर्मितीची वेळ समजणे. फाइल वाचण्या-लिहिण्याची नुसती परवानगी बदलली तरी ती बदलते.

विंडोजमध्ये कॉपी केलेल्या फाइलची निर्मिती आजची आणि बदल जुना दिसतो, तेव्हा लग्नाचे फोटो तारखेच्या क्रमाने लावताना बदलाचीच तारीख धरा.