बहीण शांत, भांडण नको म्हणून सगळ्याला ‘हो’ म्हणते. ऑफिसात इतरांचंही काम तिच्याच गळ्यात पडतं. तिला ठामपणा कसा शिकवावा?

थेट साहेबांना नकार द्यायला लावू नका. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५८मध्ये भीतीच्या उपचारासाठी मांडलेली सोप्याकडून अवघडाकडे चढत जाण्याची रीत इथेही चालते. पहिला आठवडा भाजीवाल्याकडे नासका टोमॅटो बदलून मागणं, रिक्षावाल्याकडून सुटे परत घेणं, एवढंच. मग मैत्रीण, सहकारी, आणि साहेब सगळ्यात शेवटी.

अशी माणसं अडकतात ती पहिल्या दोन सेकंदांत. ‘हो’ तोंडातून निसटून जातं. म्हणून एक वाक्य पाठच करून घ्या: “बघून अर्ध्या तासात सांगते.” आणि अर्ध्या तासात खरंच सांगायचं, नाहीतर ती टाळाटाळ ठरते.

नकार एका वाक्यात: “आज मला हा रिपोर्ट घेता येणार नाही, माझं काम पाचपर्यंत द्यायचंय.” दुसरं कारण जोडू नये. प्रत्येक जादा कारण समोरच्याला वाद घालायला आयतं मिळतं. त्याने पुन्हा गळ घातली, तर तेच वाक्य त्याच आवाजात, आणि मग गप्प. (ही शांतता सोसणं सगळ्यात अवघड.)

सुरुवातीला लोक जास्तच जोर लावतात, “तू बदललीस गं” म्हणतात. तिथे एकदा जरी नमली, तरी पुढच्या वेळी ते तेवढाच जोर लावतील. आणि तिच्या वतीने तुम्ही बोलू नका.