वाचणारं कोणी नसेल तर गोष्ट लिहायची कशाला?

प्रश्न: ताई, मी बरीच वर्षं गोष्टी लिहितेय, जुन्या वह्यांमध्ये आहेत आणि हल्लीच्या लॅपटॉपवर. अजून कोणालाच दाखवल्या नाहीयेत आणि छापून याव्यात असंही फारसं वाटत नाही. परवा नवऱ्याने अगदी सहज विचारलं की कोणी वाचणारच नाहीये तर एवढा वेळ घालवून लिहितेस कशाला, डोक्यातच ठेव ना. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तेच मनात फिरतंय. कोणी न वाचलेल्या गोष्टीला काही अर्थ असतो का?

उत्तर: तुमच्या मिस्टरांनी एकात दोन प्रश्न विचारलेत, म्हणून तुम्ही गोंधळलात. लिहायचं कशाला हा एक, आणि लिहिलेलं दाखवायचं का हा दुसरा.

आधी ते ‘डोक्यातच ठेव’ बघू. डोक्यात असते तोपर्यंत प्रत्येक गोष्ट जमलेलीच वाटते. समजा दोन बहिणी आहेत, कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, आणि आईच्या आजारपणात दोघींवर एकाच खोलीत रात्र काढायची वेळ आलीय. मनात हा सीन एकदम भारी दिसतो. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला गाडी अडते, कारण आधी कोण बोलणार? धाकटी बोलली तर तिने नमतं घेतलं असं होतं, थोरली बोलली तर ती नेहमीसारखी हुकूम सोडतेय असं वाटतं, मग तुम्ही दोघींनाही गप्प ठेवता, धाकटीला नुसतं आईचं पांघरूण सारखं करायला लावता, आणि थोरली येऊन तेच पांघरूण परत स्वतःच्या पद्धतीने नीट करते, आणि तिथे तुम्हाला कळतं की या दोघींचं मुळात कशावरून बिनसलं होतं. लिहायला बसेपर्यंत ते तुम्हालाही माहीत नव्हतं! डोक्यात ठेवून हे होत नाही हो, एक वाक्य कागदावर पक्कं झालं की मगच पुढचं सुचतं.

आणि डायरी असती तर आपण आपलीच बाजू लिहिली असती. गोष्टीत जिचा राग येतो तिच्याही तोंडी पटेल असं वाक्य द्यावं लागतं, म्हणजे थोडा वेळ का होईना तिच्या जागी जाऊन बसावं लागतं. मला तर वाटतं बरेच जण कथेकडे वळतात ते यासाठीच, सरळ विचारता न येणारं काहीतरी तिथे विचारता येतं. हे सगळं लिहितानाच पदरात पडतं, पुढे कोणी वाचो न वाचो.

शिकागोत हेन्री डार्जर नावाचा माणूस होता, हॉस्पिटलमध्ये साफसफाईची वगैरे कामं करायचा आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. १९७३ मध्ये तो गेला, त्याच्या थोडं आधी त्याची खोली आवरताना घरमालकाच्या हाती एक कादंबरी लागली, टाइप केलेली १५ हजारांहून जास्त पानं आणि सोबत मोठमोठी चित्रं. आजूबाजूच्या लोकांना पत्ताच नव्हता. इतकी पानं कोणी नुसता वेळ जात नाही म्हणून लिहीत नाही, त्या माणसाला ती हवी होती.

मात्र या बाबतीत फ्रान्झ काफ्का या प्रसिद्ध लेखकाचं उदाहरण देतात ते मला पटत नाही. त्याने मॅक्स ब्रॉड या मित्राला माझं लिखाण जाळून टाक म्हणून सांगितलं होतं, १९२४ मध्ये तो वारला, ब्रॉडने काही जाळलं नाही आणि पुढच्याच वर्षी त्याची ‘द ट्रायल’ ही कादंबरी छापली. म्हणून लोक म्हणतात की बघा, त्याला वाचक नकोच होते. पण त्याच काफ्काने जिवंतपणी बऱ्याच कथा स्वतः छापायला दिल्या होत्या, आणि ब्रॉडनेच लिहून ठेवलंय की ‘ट्रायल’चं पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना सगळे हसत होते आणि काफ्काला स्वतःला इतकं हसू येत होतं की मध्ये वाचणं थांबवावं लागलं. म्हणजे खोलीभर का होईना, ऐकणारे होते.

आता दाखवायचं की नाही. एक गोष्ट मात्र एकटीने कळत नाही, ती म्हणजे तुमच्या मनातलं कागदावर उतरलंय का. तुम्ही पांघरूणाची ओळ वाचता तेव्हा तुम्हाला अख्खी खोली दिसते, पण ती आठवणीतून दिसतेय की वाक्यातून हे तुम्हाला सांगता येणार नाही. त्यासाठी दुसरं माणूस लागतं, एखादंच, पण लागतं. हे जाणून घ्यायची इच्छा नसेल तर दाखवू नका, काही बिघडत नाही. पण इच्छा आहे आणि भीतीमुळे अडलंय असं असेल तर त्या भीतीला ‘मला वाचक नकोत’ असं नाव देऊ नका, एवढं कळकळीने सांगते.

प्रश्न: ताई, माझं उलटं आहे. कॉलेजला आहे, कथा लिहितो, आणि लिहितानाच डोक्यात चालू असतं की लोक वाचून वा म्हणतील का. मित्र म्हणतो खरा लेखक स्वतःसाठी लिहितो, तुला नुसतं कौतुक हवंय. बरोबर आहे का त्याचं?

उत्तर: नाही रे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९४६ मध्ये आपण का लिहितो यावर निबंध लिहिला, त्यात चार कारणं दिली आणि पहिलं कारण लिहिलं निव्वळ अहंकार, म्हणजे हुशार दिसावं, लोकांनी आपल्याबद्दल बोलावं, मेल्यावरही नाव राहावं. शब्दांचं आणि मांडणीचं वेड, जे आहे ते नोंदवून ठेवायची ओढ आणि राजकीय हेतू ही बाकीची तीन, आणि चारही प्रत्येक लेखकात कमीजास्त असतात असं तो म्हणतो. तेव्हा कौतुक हवंसं वाटण्याची लाज बाळगू नकोस.

फक्त त्या ‘वा’साठी लिहिलेलं वाक्य ओळखायला शीक. ते काढून बघ. गोष्टीत भोक पडलं तर ते गोष्टीचं होतं, परत ठेव. काहीच हललं नाही तर ते तुझ्या कौतुकासाठी आलं होतं, कितीही आवडत असलं तरी खोड.

प्रश्न: गोष्ट पहिल्यांदा दाखवायची तर कोणाला? घरच्यांना दाखवावी का?

उत्तर: घरचे गोष्टीत तुम्हाला आणि स्वतःला शोधत बसतात, ‘ही सासू म्हणजे मीच ना’ सुरू होतं, म्हणून पहिला वाचक शक्यतो बाहेरचा बघा, भरपूर वाचणारा आणि तुम्हाला खूश ठेवायची गरज नसलेला. आणि ‘कशी वाटली?’ विचारू नका, छान म्हणून मोकळे होतात. कुठे कंटाळा आला, कुठे मागे जाऊन परत वाचावं लागलं, आणि कोणाचं वागणं पटलं नाही, एवढं विचारा, आणि तो सांगत असताना मध्येच ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ सुरू करू नका, ते वाक्यातच यायला हवं होतं, त्यामुळे मुकाट्याने लिहून घ्या.